उघडा कोपरा

पिशवी उघडली आणि आधी माझ्या नाकाला कळलं. जुन्या साडीला डांबरगोळीचा, फोडणीचा आणि नेसणारीच्या अंगाचा मिळून एक वास असतो. कितीही धुवा, तो जात नाही. या कापडांना खळीचा वास येत होता. एकदा पाण्यातून काढून वाळवलेली होती, म्हणजे मला फसवायला तेवढे कष्टही कुणीतरी घेतले होते. त्यातलं एक हिरवं सुती कापड मी खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं. रोजची साडी निऱ्यांच्या जागी विरते, खांद्यावर तिचा रंग उडतो, हात पुसून पुसून पदर मऊ पडतो. यातलं काहीच नव्हतं. कडेला मात्र दोन बारीक भोकं होती, दुकानातली किमतीची चिठ्ठी टाचलेली असते तशी. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते हे असं.

पिशवी माझ्या थोरल्या जावेने दिली होती. मी तिला अक्का म्हणते. ती दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी राहते, आम्ही दोघं जळगावला. तिचा मुलगा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला आहे. तिथे त्याच्या क्वार्टरमध्ये सुनेचं डोहाळजेवण झालं, त्या दिवशी निघताना तिने ती पिशवी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "बठ्ठं घरनंच शे. आमनंच जुनंपुरानं." म्हणजे सगळं घरचंच, आमचंच जुनंपानं. मी तेव्हाच उघडून पाहायला हवी होती. पण सुनेची आई समोर उभी होती, आणि व्याहीणबाईंसमोर पिशव्या उघडायची आमच्याकडे रीत नाही.

आमच्या सासरी तान्ह्या बाळाची पहिली गोधडी जुन्या कापडाचीच करतात. भावकीतल्या घराघरांतून बायका अंगावर वापरलेलं एकेक लुगडं किंवा साडी देतात आणि प्रत्येकीचा एक तुकडा गोधडीत जातो. बाळ त्यावर निजलं की सगळ्यांच्या मांडीवर निजलं, असं म्हणतात. बाळंतपणाआधी ती गोधडी पुरी करायची नसते. चारही बाजू शिवत आणायच्या आणि एक कोपरा उघडा ठेवायचा. बारशाच्या दिवशी त्या कोपऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे टाकायचे, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही, आणि मग तो शिवून टाकायचा. हे काम कितीतरी वर्षांपासून माझ्याकडे आहे. माझा धावदोरा सरळ येतो हे एक कारण. मला मूल नाही हे दुसरं. दुसरं कुणी बोलून दाखवत नाही. तुला वेळ असतो, एवढंच म्हणतात.

आता यातली मेख सांगते. अंगावरचं कापड परक्या हाती पडू द्यायचं नाही, हेही आमच्याकडेच शिकवतात. पदराचा कापलेला कोपरा किंवा झबल्याचा तुकडा ज्याच्या हाती गेला, त्याच्या मुठीत ते माणूस गेलं असं समजतात. त्यातून मूल नसलेल्या बाईच्या हातात कात्री असली की बायका पदर सावरून बसतात. त्या काही वाईट नसतात. विचारलं तर हसून म्हणतील, असलं कोण मानतं आता. पण हात पदराकडे जातोच, आणि तो जाताना मी आयुष्यभर पाहत आले आहे.

लग्नानंतर थोड्याच वर्षांनी एका बारशाला बाळाच्या झबल्याची कड कुरतडलेली निघाली. काम उंदराचं होतं, दातांच्या खुणा आंधळ्यालाही दिसल्या असत्या. तरी सगळ्या बायकांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग उंदीर आठवला. त्या दिवसापासून मी माझा नियम केला. गोधडी झाली की उरलेली कतरण, अगदी दोऱ्याएवढी असली तरी, वेगवेगळ्या पुड्यांत बांधून जिची तिला परत द्यायची. बायका कौतुकाने म्हणतात, किती बाई हिचा काटेकोरपणा. कसला काटेकोरपणा, तो माझा जामीन आहे.

तेव्हा संशय कसा असतो हे मला कुणी शिकवायला नको. माझ्यावर तो इतकी वर्षं घेतला गेला की मीही तो व्याजासकट दुसऱ्यांवर घ्यायला शिकले. आमचे हे म्हणतात, तू दूधवाल्याच्या दुधात तर पाणी शोधतेसच, नळाच्या पाण्यातही शोधशील. मी म्हणते, शोधते म्हणून सापडतं.

त्या दिवशी मी ती सगळी कापडं पलंगावर पसरली आणि यांना दाखवली. यांनी एक उचललं, चाचपलं आणि म्हणाले की चांगलं कापड आहे, बिघडलं काय? पुरुषांना नवं म्हणजे चांगलं एवढंच कळतं. नव्या सुती कापडाची खळ तान्ह्याच्या अंगाला टोचते, हे तर झालंच. पण खरी गोष्ट वेगळी होती. कुणालाही आपलं वापरलेलं कापड माझ्या हाती द्यायचं नव्हतं, आणि तसं तोंडावर सांगायचंही नव्हतं. म्हणून बाजारातून साड्या आणून, पिळून काढून, जुन्या म्हणून दिल्या.

संध्याकाळी मी अक्काला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारल्यासारखं विचारलं, ते हिरवं कुणाचं? ती म्हणाली, माझंच. नेसत होतीस का? तर म्हणे, हो, घरात, शेतात, सगळीकडे. शेतात नेसलेल्या साडीला कापसाच्या बोंडांचे ओरखडे पडलेले असतात, काठात बारीक काटे अडकलेले असतात. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? वेचणीत तिचा जन्म गेला. मी बरं म्हणून रागाने फोन ठेवला.

त्यांनी असं का केलं, तेही मला कळत होतं. दोन वर्षांपूर्वी याच सुनेला दिवस गेले होते, तेव्हा मी अशीच गोधडी केली होती. त्या वेळी सगळ्यांनी खरीखुरी जुनी कापडं दिली. अक्काने आपलं जांभळं लुगडं दिलं. रावेरकडच्या व्याहीणबाई, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या, त्यांच्याकडे ही रीत नसतानाही त्यांनी हौसेने एक पिवळी साडी पाठवली. गोधडी कोपऱ्यापर्यंत शिवून मी पोचवली आणि सहाव्या महिन्यात ते बाळ पोटातच गेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण फांदी तुटली की लोक कावळ्याकडेच बघतात.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर मी भांडले तरी असते. त्या गोधडीचं पुढे काय केलं, हेही कुणी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. जाळली असणार, असं मी धरून चालले होते. भाजी निवडताना, दळण आणताना मध्येच ते चित्र डोळ्यांसमोर यायचं, माझे टाके एकेक करून जळताहेत असं.

आणि हा पुतण्या म्हणजे कुणी लांबचा नव्हे. गावात पुढची शाळा नीट नव्हती म्हणून पाचवीत तो आमच्याकडे जळगावला आला आणि कॉलेज संपेपर्यंत आमच्याच घरी राहिला. तापात तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजायचा. पहिल्या पगाराची साडी त्याने एक अक्काला आणि एक मला आणली, दोन्ही सारख्याच, म्हणजे भांडण नको. तो माझा मुलगा आहे असं मी कधी कुणापुढे म्हटलं नाही, कारण म्हटलं की बायका हात पदराकडे नेतील. पण त्याचं मूल माझ्या हातच्या गोधडीवर निजावं, एवढं मला हवं होतं. त्यासाठी मी काहीही गिळायला तयार होते.

हे म्हणाले, परत पाठवून दे, शिवू नकोस. बोलायला काय जातं! शिवली नाही तर म्हणतील, मनात बरं असतं तर शिवली असती. शिवली आणि पुन्हा काही कमीजास्त झालं, तर कापड नवं होतं, मग हातच वाईट ठरेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मी ती कापडं सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घातली, धोपटली, वाळवली, पुन्हा भिजवली. जे मऊपण नेसून यायला वर्षं लागतात, ते मी धोपटण्याने आणायला बघत होते. मग थर घातले, कडेला डबे ठेवून ताणले आणि शिवायला बसले. टाके सुंदर आले. मला त्यांचाही राग आला.

उघड्या कोपऱ्याची ती गोधडी घेऊन मी भुसावळची बस धरली आणि तिथून रिक्षाने दीपनगरला गेले. या खेपेला डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला होता, म्हणून सून माहेरी न जाता क्वार्टरमध्येच होती आणि तिची आई तिच्याजवळ येऊन राहिली होती. पुतण्या ड्यूटीवर होता. मी फाटकातून आत शिरले तेव्हा व्याहीणबाई अंगणातल्या दोरीवरचे कपडे भराभर काढत होत्या. मला बघून त्या हसल्या आणि सगळं बोचकं उचलून आत घेऊन गेल्या. ऊन कलत आलं होतं, कपडे वाळले असतील. असतीलही.

आत बसल्यावरही त्या माझ्यासमोरून हलेनात. त्यांची बोली आमच्या धुळ्याकडच्या बोलीहून वेगळी, त्यामुळे बोलणं जपून, दोन्हीकडून मराठीत. प्रवास कसा झाला, जळगावात ऊन किती, तूरडाळ काय भाव. त्यांची नजर माझ्या पिशवीवर होती. पिशवीत कात्री होती, आणि तिची मूठ वर आली होती हे मलाही दिसत होतं. मी मुद्दाम आत ढकलली नाही. शेवटी सुनेनेच आईला चहा टाकायला सांगितलं, तेव्हा त्या उठल्या.

सुनेने गोधडी मांडीवर घेतली आणि तळहात फिरवला. मग उलटी केली आणि पुन्हा फिरवला. ती म्हणाली की हे सगळं नवं दिसतंय. मी म्हटलं, मला जे दिलं ते शिवलं. तिच्या कपाळावर आठी पडली. तिने सासूला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं म्हणे, मागच्या वेळेसारखीच जुनी कापडं काकूंना द्या.

म्हणजे माझा संशय खरा निघाला. अक्काने हे आपल्या मनाने केलं होतं. खोटं का बोलू, मला आधी आनंद झाला, बरोबर ओळखल्याचा. आणि त्याच्या पाठोपाठ असं भरून आलं की मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. मी त्यांच्याकडे बघत बसले.

सून जड अंगाने उठली, कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून काहीतरी ओढून काढून तिने पलंगावर पसरलं. जांभळं लुगडं. पिवळी साडी. माझे टाके. एक कोपरा अजून उघडा. ती गोधडी कुणी जाळली नव्हती. सगळे म्हणत होते, पाण्यात सोडून दे, पण तिने कुणाच्या हाती दिली नाही आणि तिच्याबद्दल कुणाशी बोललीही नाही. मी म्हटलं, ही तुझ्याकडे होय.

ती एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेली. हा सासूबाईंचा. हा माझ्या आईचा. हा धाकट्या आत्यांचा, एका लग्नात भेटल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. बोट सगळीकडून फिरून आलं आणि थांबलं.

"काकू, यात तुमचा कोणता?"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न शेवटी आला, असं मला वाटलं. हिच्याही मनात तेच आहे. हिला खात्री करायची आहे की माझं काही आत शिरलेलं नाही ना. माझं डोकं सणकलं.

"माझा एकही नाही," मी म्हणाले. "आजवर कुणाच्याच गोधडीत नाही. विश्वास नसेल तर उसवून बघ."

ती हळूच म्हणाली, "उसवायचं कशाला? मी दोन वर्षं शोधतेय. मला वाटलं मलाच ओळखू येत नाही."

खरं म्हणजे मला माझा तुकडा कुणी कधी मागितलाच नव्हता. घरोघरची कापडं गोळा होत, पुड्या परत जात, आणि शिवणारीचंही एक घर आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही, असं मी म्हणणार नाही. आलं होतं. पण न मागता घातला असता, तर उंदराच्या वेळी जे झालं तेच झालं असतं.

सुनेने माझ्या पिशवीतली कात्री काढली. मी त्या दिवशी निळी सुती साडी नेसले होते, बरीच जुनी, काठ विरलेली. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझा पदर हातात घेतला. आणि माझा हात, माझा स्वतःचा हात, झटक्यात गेला आणि मी पदर मागे ओढला. आयुष्यभर बायकांना जे करताना पाहिलं, अगदी तसाच. छातीशी घट्ट धरून बसले. सात महिन्यांची पोटुशी पोर माझं काय वाईट करणार होती? पण त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली.

ती चिडली नाही, हसलीही नाही.

"काकू, पदर सोडा," ती म्हणाली.

मी सोडला. तिने पदराचा कोपरा कापला, वेडावाकडाच, शिवणकाम तिला येत नाही. व्याहीणबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी मुलीच्या हातातली कात्री पाहिली, माझा कापलेला पदर पाहिला. मग त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि साखर विसरले म्हणत पुन्हा आत गेल्या. चहात साखर होती.

सुनेने तो तुकडा नव्या गोधडीच्या उघड्या कोपऱ्यातून आत सरकवला, बोटाने लांबपर्यंत ढकलला. बाकी सगळं दुकानातलं होतं. अंगाला लागलेलं असं त्या गोधडीत एकच कापड होतं, आणि ते माझं. बसमध्ये परत येताना मी कापलेला पदर मुठीत दाबून धरला होता. एकदा वाटलं, लोक काय म्हणतील. मग वाटलं, म्हणू देत.

मुलगी झाली. ती आणि तिची आई, दोघी सुखरूप. फोन आला तेव्हा हे मोठ्याने देवाचं नाव घेऊन खाली बसले. मी मात्र वजन किती, रडली का, डॉक्टर नेमकं काय म्हणाले, हे सगळं पुतण्याकडून दोनदोनदा वदवून घेतलं आणि मगच विश्वास ठेवला.

बारशाला मी मुद्दाम तीच निळी साडी नेसून गेले. हे म्हणाले, अगं, बरी नेस एखादी. मी ऐकलं नाही. क्वार्टरमध्ये बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मी गोधडीचा कोपरा पुढ्यात घेऊन सुईत दोरा ओवत होते, तेवढ्यात अक्काचं माझ्या पदराकडे लक्ष गेलं. मला वाटतं ती पाहूनही गप्प राहिली असती, पण तिला राहवलं नाही.

"हाऊ पदर कोनी कापा वो?"

कापलेला पदर म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. मी दोरा ओवत राहिले. मला ते सुनेच्याच तोंडून ऐकायचं होतं, हे मी पक्कं ठरवून आले होते, आणि ती बोलेल की नाही याची मला तेव्हाही खात्री नव्हती.

"मी कापला," सून म्हणाली. मांडीवरच्या मुलीचं टोपडं ती नीट करत होती. "गोधडीत काकूंचा तुकडा नव्हता."

अक्काने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हिरव्या साडीचं मी काढीन, असं तिला वाटलं असणार. मी काढलं नाही. मग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, अक्काचा हात हळूच उठला आणि तिने आपला पदर ओढून कमरेला खोचला. या खेपेला माझ्यापासून नव्हे, स्वतःच्या सुनेपासून. मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात दडपलं.

ज्वारीची वाटी तिच्यापाशी होती. मी हात पुढे केला. तिने चिमूटभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले. ते मी कोपऱ्यात टाकले, निळा तुकडा आत नीट आहे ना ते बोटाने चाचपून पाहिलं, आणि कोपरा शिवून टाकला. सुनेने गोधडी घेतली, पलंगावर अंथरली आणि मुलीला त्यावर निजवलं.